डावीकडची नळी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी यांचा रिपोर्ट वाचला. मोठ्या आतड्यात गाठ होती. यकृतात डाग होते. डॉक्टरांनी विचारलं, यापूर्वी कधी तपासणी केली होती का. हे म्हणाले, "केली होती. हिनेच करवली. नॉर्मल आली." मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय काम करते ते त्यांना माहीत होतं.

ते काम काय, हे आधी सांगायला हवं. इथे जयपुरात मी ते सात वर्षं करते आहे, तरी सांगलीच्या माझ्या भावाला अजून वाटतं की मी कुठल्या तरी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते.

आम्ही इथे यांच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे आलो. तीन वर्षांसाठी आलो आणि राहिलो. मुलीची, रेवाची शाळा इथे, मला एका शाळेच्या वाचनालयात नोकरी मिळाली ती इथे, शेवटी दुर्गापुऱ्यात घरही घेतलं. मी निवृत्त झाले तेव्हा एका धर्मादाय संस्थेला अर्ज नीट भरून घेणारं आणि हिंदीत शांतपणे बोलणारं कुणी तरी हवं होतं. आधी महिनाभर करून बघू म्हणून मी गेले. वाचनालयात तीस वर्षं "हळू बोला" असं सांगत आलेल्या बाईला चाळीस माणसांसमोर उभं राहून शौचाबद्दल मोठ्याने बोलायला लागलं.

संस्थेचं काम असं: पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना गाठायचं आणि त्यांची शौचाची तपासणी करवायची. त्यासाठी बोटाएवढी एक प्लास्टिकची नळी असते. तिच्या झाकणालाच आतून एक काडी असते. ती काडी शौचात तीन-चार ठिकाणी टोचायची, परत नळीत घालायची, झाकण घट्ट लावायचं. बस, एवढंच. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर प्रयोगशाळेत कळतं. असलं म्हणजे कर्करोगच, असं नाही. पण मग दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहावं लागतं. तिथे कधी कधी चामखिळीसारखे कोंब सापडतात. ते त्याच वेळी काढून टाकता येतात. तसेच ठेवले तर त्यातल्या काहींची पुढे गाठ होते. आजार असा हळू चालणारा आहे आणि त्याला आधी गाठता येतं, हे लोकांना पटवायचं, ही आमची नोकरी.

काही देशांत ही नळी म्हणे टपालाने घरी येते. आमच्याकडे टपाल म्हणजे सुशीलाजी. सुशीलाजी शेखावाटीकडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, डोक्यावरचा पदर न ढळू देता कुठल्याही घरात शिरून कुणालाही पोट साफ होतं का असं विचारू शकणाऱ्या. मी अर्ज भरते, त्या माणसं फोडतात, अशी आमची वाटणी. लोक दोनच उत्तरं देतात. एक, "हमें कुछ नहीं है." दुसरं, "बवासीर है, पुरानी है." शौचात रक्त दिसलं की मूळव्याध, आणि मूळव्याध झाली ती मिरचीमुळे. पुढे प्रश्न नाही. सुशीलाजींचं यावर ठरलेलं उत्तर होतं, "बवासीर ने आपको चिट्ठी लिखी थी कि मैं ही हूँ?"

दुर्गापुऱ्यातच राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी सुरुवातीला आम्हांला घराबाहेरूनच वाटेला लावलं होतं. मग त्यांच्या पत्नीने काय सांगितलं कोण जाणे, एका सकाळी त्यांचा नातू राजा पार्कातल्या दुकानाचा मिठाईचा डबा आमच्या टेबलावर ठेवून गेला. वर व्यवस्थित दोरी बांधलेली. सुशीलाजींना वाटलं, साहेबांनी माफी म्हणून कलाकंद पाठवला. त्यांनी दोरी सोडली, झाकण उचललं आणि तितक्याच सावकाश परत ठेवलं. काडीच्या टोकाएवढं लागतं हे आम्ही नीट सांगितलं नव्हतं, ही चूक आमचीच. फौजी माणूस, दिलेलं काम अर्धवट करणार नाही. दुसऱ्या दिवशी सुशीलाजींनी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "साहब, नमूना माँगा था, पूरा गोदाम नहीं." ते हसले. तिथून पुढे त्या गल्लीत आमची बैठक त्यांच्याच व्हरांड्यात होऊ लागली.

पण मला ज्या गोष्टीकडे यायचं आहे ती सीतापुऱ्यातली. तिथे कपडे शिवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही नळ्या वाटल्या होत्या. आठवड्याने प्रयोगशाळेतून फोन आला. इस्त्रीच्या एकाच टेबलावरच्या पाचही जणांच्या शौचात रक्त सापडलं होतं. प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारलं, "मॅडम, वहाँ खाने में क्या दिया था?"

सुशीलाजींनी पाचही जणांना जिन्याखाली उभं केलं. मग त्यांतले वयाने मोठे, रामधनजी, म्हणाले की सगळं त्यांचंच होतं. बाकीच्या चौघांची घरं एका खोलीची, घरात सुना. नळी घेऊन आत जायचं आणि घेऊन बाहेर यायचं, हे त्यांना जमेना. कारखान्यात जरा वेळ लागला की सुपरवायझर दार वाजवतो. रामधनजी एकटे राहत. चौघांनी आपापल्या नळ्या त्यांच्याकडे दिल्या. त्यांनी पाच काड्या टोचल्या, पाच झाकणं लावली.

"मैंने सोचा, सेवा हो जाएगी," ते म्हणाले.

चौघांच्या पुन्हा तपासण्या झाल्या, त्या साफ आल्या. रामधनजी मात्र दुर्बिणीला तयार होईनात. आदल्या दिवशी रेचक घ्यायचं, मग भूल, मग ती दुर्बिणीची नळी. सुशीलाजी त्यांना म्हणाल्या, "पाँच आदमियों का काम अकेले कर दिया, अब अपना एक का नहीं होता?" सगळं टेबल हसलं, तेही हसले, आणि गेले. दोन कोंब निघाले. ते काढले. आज ते ठीक आहेत. आमच्या बैठकीच्या टेबलावरची चादर ते दर वेळी काढून घेतात, कडक इस्त्री करून परत अंथरतात, मगच मला बोलू देतात.

जिन्याखाली हे कळलं त्याच दिवशी मी संस्थेसाठी एक नियम लिहिला. नळीवर नाव ज्याचं त्याने, स्वतःच्या हाताने, नमुना घेण्याच्या वेळीच लिहायचं. लिहिता येत नसेल तर अंगठा. दुसऱ्याने आधी लिहून ठेवलेली नळी घ्यायची नाही. मला या नियमाचा अभिमान वाटला होता. माझ्याच अक्षरातला तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे.

नियमाला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. संस्थेत ठरलं की आम्ही कामाची माणसं आणि आमच्या घरचे, सगळ्यांनी तपासणी करून घ्यायची. म्हणजे लोकांना सांगता येईल, "हमने भी की है." मी दोन नळ्या घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेची गाडी येणार होती आणि नंतर सणाच्या सुट्ट्या होत्या, त्यामुळे दोन्ही एकदम उरकून टाकायचं मी ठरवलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी दोन्ही चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर वसंत, एकीवर नलिनी. नळ्यांवर चिकटवल्या आणि न्हाणीघरात आरशाखालच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

नियम माझाच होता. पण तो मला आमच्या घराला लागू आहे असं वाटलं नाही. आम्ही दोघं शिकलेली माणसं. शिवाय तीस वर्षं माझा हात असाच चालला होता. नवीन पुस्तकं आली की आधी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, चिकटवायच्या, मग पुस्तकं कपाटात. मी नळ्यांना पुस्तकांसारखं वागवलं. एवढंच घडलं. यात दुसरं काही शोधू नये असं मला वाटतं, पण मी शोधत असते.

हे पहाटे पाचला उठत. न्हाणीघरात जाताना चष्मा कधीच लावत नसत, तो उशीजवळ असे. त्यांनी नमुना घेतला, नळी पिशवीत घालून फ्रीजच्या दारात ठेवली. मी सातला गेले. फळीवर एक नळी उरली होती. उरलेली ती माझी, म्हणून मी घेतली. तिच्यावरचं नाव वाचलं नाही. दोन्ही पिशव्या डब्यात घालून संस्थेत दिल्या.

निकाल आले. यांचा नॉर्मल. माझ्यात रक्त.

सुशीलाजींना पुढे महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. "मैडमजी ने सोचा, पहले खुद नाम लिखवा लूँ." मी दुर्बिणीची तपासणी करून घेतली. हे बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले होते. आतडं स्वच्छ होतं. थोडी मूळव्याध होती, डॉक्टर म्हणाले, तिच्यामुळेही असं येऊ शकतं. मी बाहेर आले तेव्हा हे म्हणाले, "सुटलीस. चल, कचोरी खाऊ." मला भुकेने आणि भुलीने नीट चालताही येत नव्हतं. आम्ही रिक्षात बसून कचोरी खाल्ली.

त्यानंतर मी दर बैठकीत हेच सांगू लागले. मला रक्त निघालं, मी दुर्बीण केली, काही नव्हतं, घाबरू नका. लोकांना हे आवडायचं.

वीस महिन्यांनी यांनी मला सांगितलं की शौचात रक्त दिसतं आहे. मी म्हणाले, "तुमची तपासणी झालीय ना. मूळव्याध असेल. तिखट कमी करा." जे वाक्य कुणी बोलू नये म्हणून मी पाच वर्षं हिंडत होते, ते मी स्वयंपाकघरात फोडणी देता देता बोलले. तीन महिने आम्ही तिखट कमी केलं. मग वजन उतरलं. मग तो मंगळवार.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर हे औषधांच्या रांगेत उभे राहिले. मी बाकावर बसले होते. समोर त्यांनी चिठ्ठी वाचायला खिशातून चष्मा काढला, तेव्हा मला फळी आठवली.

मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन विचारलं, जुने नमुने ठेवतात का. निकाल दिला की टाकून देतात. मग डॉक्टरांना एकटीने भेटले आणि सगळं सांगितलं. दोन्ही चिठ्ठ्या, चष्मा, उरलेली नळी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ते म्हणाले, अदलाबदल झाली असेल. झाली नसेलही. ही तपासणी काही वेळा गाठ असूनही चुकते, आणि काही नसतानाही रक्त दाखवते. दोन्ही गोष्टी तुम्ही लोकांना सांगताच. मी विचारलं, मग आमच्या बाबतीत कुठली? ते म्हणाले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

रेवा पुण्याहून आली होती. तिला मी सांगितलं. तिचं मराठी जयपुरात वाढलेल्या मुलीचं, रागावली की तेवढंही राहत नाही. ती म्हणाली, "आई, मतलब, तू बाबांना विचारलंच नाहीस? त्यांना माहीत असेल ना." आणि खरंच, मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं तर त्यांना कळलं असतं की मला काय वाटतं आहे. न विचारता ते गेले असते तर मला कधीच कळलं नसतं. दोन महिने मी रोज ठरवत होते आणि रोज त्यांना औषध देऊन परत येत होते.

शेवटी एका दुपारी त्यांचे पाय चेपत असताना विचारलं. त्या दिवशी फळीवरची कुठली नळी घेतली, आठवतं का?

ते म्हणाले, "डावीकडची. तूच सांगितलं होतंस, डावीकडची तुमची."

मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही. आजही आठवत नाही. मी सांगितलं असेल, पण मग मी ती डावीकडेच ठेवली होती का?

"नाव वाचलं होतं?"

"चष्मा कुठे होता." मग ते माझ्याकडे वळले. "म्हणजे तुला केव्हापासून हे वाटतंय?"

"तुम्ही औषधांच्या रांगेत होतात तेव्हापासून."

ते जन्मभर विम्याचे दावे तपासत आले होते. अपघात कसा झाला, कुणाच्या हातून झाला, कागद काय म्हणतो. मला वाटलं, ते आता तसेच एकेक प्रश्न विचारतील, आणि खरं तर तसे विचारावेत असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "अशा फायलीवर आम्ही शेरा मारायचो, कारण निश्चित होत नाही. आणि फाईल बंद करायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "उजवा पाय राहिला."

मी उजवा पाय चेपला. ते रागावले नव्हते की मला वाचवण्यासाठी तसं बोलले, तेही मला कळलं नाही. पाच आठवड्यांनी ते गेले.

त्यानंतर चार महिने मी कामावर गेले नाही. सुशीलाजी मधून मधून येत, चहा घेत, कारखान्यातल्या गोष्टी सांगत, कामाचं काही विचारत नसत. गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्या वर्षी आमची बैठक ठरलेली होती. मंडळात बँकेतले, विम्यातले, छावणीतले, सगळे पन्नाशीच्या पुढचे. सुशीलाजी म्हणाल्या, मराठीत बोलायला तुम्हीच हव्यात. म्हणून गेले.

आरती झाली, प्रसाद झाला, मी टेबलावर नळ्या मांडल्या. कुंदाताई पुढे आल्या. त्यांचे यजमान आणि हे एकाच कार्यालयात होते; वीस वर्षांची ओळख. त्यांनी नळी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली. हळूच म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. पण तुमच्याकडे तर ही केलेली होती ना? मग काय उपयोग झाला?"

आजूबाजूचे आठ-दहा लोक थांबले. सगळ्यांच्या मनात तेच होतं, हे मला तेव्हा दिसलं. आमच्याच घराचं उदाहरण देऊन लोक ही तपासणी टाळत होते.

सुशीलाजींना मराठी येत नाही, पण कळतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. फळीची गोष्ट त्यांना मी सांगितलेली होती. त्या म्हणाल्या, "बोल दीजिए न दीदी, नाम बदल गया था. जाँच सही थी. सब करवा लेंगे."

याचा विचार मी आधीही केला होता. मी चुकले असं म्हटलं की तपासणी बरोबर ठरते, आणि ही दहा माणसं नळ्या घेऊन जातात. त्यांत एखादे रामधनजी असतील. तपासणी चुकली असं म्हटलं की मी सुटते, आणि नळ्या टेबलावर राहतात. माझ्यावर ओढून घ्यायला मी तयार होते. कदाचित ते खरंही असेल. पण खरं आहे असं मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते त्या लोकांपुढे, यांच्या नावाने, मी कसं सांगायचं?

मी परत टेबलापाशी गेले आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं. चिठ्ठ्या मी आधी लिहिल्या. नियम मोडून लिहिल्या. यांना चष्मा नव्हता. मी उरलेली घेतली. कदाचित अदलाबदल झाली, कदाचित तपासणीच चुकली. ती कधी कधी चुकते. कुठलं खरं, मला माहीत नाही. मग म्हणाले, "पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. यांनी रक्त दिसतं म्हणून सांगितलं आणि मी नॉर्मलच्या कागदावर विसंबून तीन महिने घालवले. ते कुणी करू नका. कागद काही म्हणो, रक्त दिसलं तर डॉक्टरकडे जा." रामधनजींचंही सांगितलं. माझं बोलणं नीट झालं नाही. मधे दोनदा थांबावं लागलं. शेवटी नमस्कार करायचाही विसरले.

बरेच जण प्रसादाच्या द्रोणांकडे वळले. कुंदाताई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पेन आहे का?"

"आत्ता लिहायचं नाही," मी म्हटलं. "घरी. त्या वेळी. चष्मा लावून. आणि भाऊजींचा नमुना त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी."

"दोन दिवस दोन फेऱ्या मारायच्या?"

"मी येईन न्यायला."

त्या दिवशी सतरा नळ्या नेल्या होत्या, सहा गेल्या. मी सुशीलाजींच्या मताने बोलले असते तर कदाचित सतराही गेल्या असत्या. त्यांनी मला स्कूटरवर घरी सोडलं. दारात म्हणाल्या, "आप लाइब्रेरी की ही रहीं, दीदी." हे कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.

कुंदाताईंचा निकाल नॉर्मल आला, भाऊजींचाही. मी घरी जाऊन कागद दिले आणि नॉर्मल म्हणजे काय आणि काय नाही, ते पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोहे केले.

आता कपाटाच्या दारावर दोन नियम आहेत. नाव ज्याचं त्याने त्याच वेळी लिहायचं, हा पहिला. एका घरात एका दिवशी एकच नळी, हा दुसरा. त्याने काम वाढतं, सुशीलाजी कुरकुरतात, पण पाळतात. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. मंगळवारी सीतापुरा असतं. रामधनजी चादर अंथरून देतात.

यांचा आणि माझा, निकालाचा शिक्का मारलेले दोन्ही अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकावर त्यांचं नाव आहे, एकावर माझं. दोन्ही माझ्या अक्षरात.